मोळी पडायच्या आधी आपल्या हेडलाईटची काच बघा

दसरा तोंडावर आलाय. साखर कारखान्यांची बॉयलर अग्निप्रदीपनं होतील, दिवाळीच्या मागंपुढं उसाची पहिली मोळी पडून गाळप सुरू होईल, आणि सांगलीतून कुठल्याही दिशेला बाहेर पडलं तरी रात्रीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसानं भरलेल्या बैलगाड्या दिसायला लागतील. खरं तर अडचण हीच आहे की त्या दिसत नाहीत. मागं दिवा नसतो. रेडियम लावलेलं असलं तर ते चिखलानं माखलेलं असतं, नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेलं असतं. यावर दर हंगामात आपण सगळे तावातावानं लिहितो आणि ते लिहायलाच पाहिजे. पण रेडियम स्वतः उजेड देत नाही. आपल्या गाडीचा जेवढा उजेड त्याच्यावर पडेल तेवढाच ते परत पाठवतं. मग आपल्याच हेडलाईटची काच पिवळी धमक झालेली असेल तर समोरच्या ट्रॉलीला रेडियम असून आपल्याला काय उपयोग?

सात-आठ वर्षांच्या गाड्या बघा. बाजारात, शाळेच्या गेटसमोर, लग्नाच्या हॉलबाहेर. निम्म्या गाड्यांच्या काचा धुरकट आहेत. आपण त्याला गाडी जुनी दिसण्याचा प्रश्न समजतो. विकायची वेळ आली की घासून घेतो, गिऱ्हाईक येतं, गाडी जाते. स्वतः रोज रात्री तीच गाडी चालवताना मात्र ती काच कुणाला आठवत नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, म्हणून एवढं लांब लिहितेय.

ही काच म्हणजे काच नाहीच. अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती, ती कधी पिवळी पडली नाही. आताची हेडलाईट पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. हलकं, खडा लागला तरी सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. पण ते मऊ आहे, पटकन ओरखडतं, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर पिवळा पडत जातो. म्हणून कंपनी त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक कोट देते. ऊन, बल्बची उष्णता, रस्त्यावरची धूळ आणि वाळू यांनी काही वर्षांत तो कोट झिजतो, कुठं पापुद्रे सुटतात, आणि उघडं प्लॅस्टिक उन्हाला सापडतं. आपल्याकडचा मार्च ते मे आठवा. सावलीत लावलेली आणि वर्षभर उघड्यावर उभी असलेली, अशा एकाच वर्षाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फरक लगेच कळतो.

उजेड किती कमी होतो? अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ साली जुन्या, खराब झालेल्या हेडलाईट मोजून बघितल्या होत्या. लो बीमवर सगळ्यात खराब काचेतून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास उजेड बाहेर पडत होता. त्याच काचा नीट घासून, कोट देऊन घेतल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. पूर्ण नवा होत नाही, हेही त्यातून दिसतं. पण २० आणि ७० यांतला फरक आष्टा रोडला रात्री नऊ वाजता फार मोठा आहे. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ट्रॉली नजरेला पडून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथंच संपले. ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. धुरकट काच उजेड नुसता अडवत नाही, तो इकडंतिकडं फेकते. जो उजेड रस्त्यावर पडायचा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. तो आपल्याला डिपर मारतो, आपण म्हणतो मी तर लो बीमवर आहे. दोघंही आंधळे होऊन एकमेकांशेजारनं जातात.

पलूसकडं माझे मामा आहेत. गेल्या हिवाळ्यात म्हणाले, "रातीचं गाडी चालवाय नको वाटतंय बघ आता. दिसंनाच झालंय." वय झालंय, मोतीबिंदू असेल, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. डोळे वयाच्या मानानं चांगले निघाले, चष्म्याचा नंबरही फारसा बदलला नव्हता. मोतीबिंदू गाडीला झाला होता. रविवारी सकाळी अंगणात दोन्ही काचा मी घासून दिल्या, दुपारी कोट दिला. त्या आठवड्यात मामा स्वतः गाडी घेऊन रात्री सांगलीला जेवायला आले.

आता उपायाबद्दल. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला टूथपेस्टचा व्हिडिओ फिरतो. टूथपेस्टनं काच उजळते, हे खोटं नाही. तिच्यात बारीक घासणारी पावडर असते, वरचा थोडा थर निघतो. पण राहिलेला कोटही त्यासोबत निघतो आणि खालचं प्लॅस्टिक आणखी उघडं पडतं. थोड्याच दिवसांत काच पुन्हा धुरकटते, कधीकधी आधीपेक्षा लवकर. डास पळवायचं मलम किंवा स्प्रे लावायचा प्रकार तर त्याहून वाईट. त्यातलं रसायन प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतं म्हणून ती चमक येते. पेट्रोल आणि थिनरही लावू नका, पॉलिकार्बोनेटला त्यानं बारीक तडे जातात आणि ते तडे मग कशानंच निघत नाहीत.

गॅरेजमध्येही आता कपात द्रव तापवून त्याची वाफ काचेवर सोडतात. दोन मिनिटांत काच चकाचक, बघणारा खूश. ती वाफ प्लॅस्टिकचा पृष्ठभाग वितळवून सपाट करते. अतिनील किरणांपासून संरक्षण त्यात काही नाही, आणि ती वाफ श्वासात जाणं चांगलं नाही. ते काम करणारी पोरं बिनामास्कची उभी असतात, हे बघून जीव तुटतो. पैसे देऊन काम करून घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: "घासल्यावर वर कोट कुठला देणार?" उत्तर "पॉलिश" असं आलं तर गाडी परत आणा. घासणं हे अर्धंच काम आहे. खरं काम वरचा कोट.

घरी करायचं तर असं. आधी काच शाम्पूनं धुवा आणि ओली असतानाच नीट बघा. ओल्यावर धुरकटपणा बराच कमी दिसला तर खराबी बाहेरून आहे, घासून निघेल. आतून वाफ किंवा डाग असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. हे पाच मिनिटांचं बघणं दोन तासांची मेहनत वाचवतं. मग काचेभोवतीच्या रंगावर मास्किंग टेप दोन पदरी लावा, कारण पेपर एकदा निसटला की बंपरवर ओरखडा ठरलेला.

पेपर म्हणजे वॉटर पेपर, रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. काच नुसती पिवळी असेल तर ८०० नंबरपासून सुरू करा, पापुद्रे सुटलेले असतील तर ४०० किंवा ६०० पासून. पाणी सतत सोडत राहायचं, कोरडं अजिबात घासायचं नाही. सुरुवातीला पिवळसर, मळकट पाणी गळतं, तो जुना कोट. पाणी स्वच्छ पांढरं यायला लागलं की तो पूर्ण निघाला. मग पुढचा बारीक पेपर, आणि प्रत्येक पेपरला दिशा बदला, एक आडवा, पुढचा उभा. म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे निघाले की राहिले ते दिसतं. सगळ्यांची घाई इथंच होते. आधीच्या जाड, म्हणजे लहान नंबरच्या पेपरचा ओरखडा मागं राहिला तर शेवटी कितीही पॉलिश करा, उन्हात तो दिसतोच.

या टप्प्यावर काच दुधासारखी पांढरी दिसते आणि घरातले म्हणायला लागतात, गेली काच. घाबरू नका. वर टू-के क्लिअर कोटचा (हार्डनर मिसळून कडक होणारा, दोन भागांचा पारदर्शक कोट) स्प्रे मारणार असाल तर १००० किंवा १५०० नंबरला थांबा, बारीक ओरखडे तो कोट भरून काढतो आणि थोड्या खरबरीत पृष्ठभागावर धरतोही चांगला. स्प्रे नको असेल तर २०००, ३००० पर्यंत जाऊन रबिंग कंपाउंडनं चमक आणा आणि हातानं पुसायचा अतिनील संरक्षणाचा सीलंट लावा. तो कमी टिकतो, पुन्हा लावावा लागतो. नुसत्या वॅक्सवर अवलंबून राहू नका. कोट द्यायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काच पूर्ण वाळू द्या, त्यानंतर बोटही लावायचं नाही.

टू-के स्प्रेबद्दल गांभीर्यानं सांगते. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. रुमाल किंवा कापडी मास्क पुरत नाही. रंगकामाचा फिल्टरवाला मास्क हवा, मोकळी जागा हवी, पोरं आणि दम्याचे पेशंट लांब हवेत. हे जमणार नसेल तर काच घरी घासा आणि कोट डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

"एवढं करण्यापेक्षा जास्त वॅटचा बल्ब टाकतो" म्हणणाऱ्यांसाठी: कंपनीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, वायरिंग आणि होल्डर त्या हिशेबानं दिलेलं असतं. १०० वॅटचा टाकला की होल्डर वितळतो, काच आतून आणखी तापते, आणि धुरकट काचेतून तो जास्तीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यातच जातो.

याची तपासणी कुठं होते म्हणाल, तर कुठंच नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तोपर्यंत दरवर्षी पीयूसी होते, त्यात धूर बघतात, दिवे नाही. माझं मत आहे की पीयूसीच्या वेळीच हेडलाईटचा उजेड आणि फोकस बघायला हवा. गाडी तिथं आलेलीच असते. तोवर ही जबाबदारी आपलीच.

काम झाल्यावर रात्री सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीम बघा. उजेडाची वरची कडा दोन्ही दिव्यांची सारखी हवी आणि आपल्याकडं ती डाव्या बाजूला थोडी वर चढलेली असते. उजवीकडं चढत असेल तर फोकस चुकलाय किंवा दिवा परदेशी बाजाराचा बसवलाय, तो बदलूनच घ्या.

खंडेनवमीला गाड्या धुवून, हार घालून पूजा करणारच आहोत आपण. त्याच सुट्टीत हे करा. सकाळी लवकर सुरू केलं तर दंव पडायच्या आत कोट वाळतो. विश्रामबागच्या आसपास कुणाला करायचं असेल तर पेपर आणि टेप घेऊन या, माझ्या अंगणात दोन गाड्या मावतात, पाण्याची सोय आहे. मास्क मात्र स्वतःचा आणा.