बटण बंद, तरी बल्ब मिणमिणतो

बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर बल्ब बदला, असं एका लेखात म्हटलंय. तेवढ्यावर थांबू नका. आधी बटण बंद ठेवून बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. तो लख्ख पेटला तर वायरमनने बटण फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) जोडलंय. म्हणजे बंद दिव्यातही २३० व्होल्ट हजर, आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो! मेन स्विच पाडून फेज बटणावर घ्यायला सांगा, हे काम पुढे ढकलू नका.

टेस्टर पेटलाच नाही किंवा जेमतेम पेटला, तर बटणातला छोटा इंडिकेटर दिवा किंवा शेजारून लांबवर गेलेली चालू वायर बघा. तिथून झिरपणारा अगदी थोडा करंटही एलईडीला पुरतो. जुन्या पिवळ्या बल्बला तो पुरत नसे, म्हणून न्यूट्रलवर जोडलेल्या बटणाचा दोष वर्षानुवर्षं लपून राहायचा.