टीडीएसचा आकडा तोच, मग सॉफ्टनर खोटा?

सोसायट्यांच्या ग्रुपवर सॉफ्टनरबद्दल, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘सॉफ्टनर म्हणजे लूट. बसवण्याआधी आणि नंतर टीडीएस मोजा, आकडा तोच येतो. त्यापेक्षा टाकीत तुरटी फिरवा, बोअरचं पाणी मऊ होईल. गीझर कायम 75 वर ठेवा, क्षार धरणार नाहीत.’

आकडा तोच येतो, हे खरंच आहे. उलट किंचित वाढतो. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो. त्यात कुठला क्षार किती, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनरमधलं रेझिन (प्लास्टिकसारखे बारीक मणी) पाणी जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. 40 ग्रॅम कॅल्शियम गेलं की 46 ग्रॅम सोडियम येतं. आकडा उतरणार कसा? पण गीझरच्या कॉइलवर थर बसतो तो कॅल्शियमचा, सोडियमचा नाही. वजनकाट्यावर उभं राहून ताप मोजावा, तसली ही तपासणी. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकातही दोन्ही रकाने वेगळे आहेत: स्वीकारार्ह मर्यादा टीडीएसला 500 आणि कठीणपणाला, म्हणजे पाण्याच्या जडपणाला, 200 मिलिग्रॅम प्रति लिटर.

तुरटीने गढूळ पाणी निवळतं, कारण तरंगणारा गाळ गोळा होऊन खाली बसतो. कॅल्शियम तरंगत नसतं, साखरेसारखं विरघळलेलं असतं. ते तिथेच राहतं. वर तुरटी जास्त झाली तर पाणी आम्लाकडे झुकतं आणि जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांना गंज चढतो.

75 अंशांचा सल्ला तर चक्क उलटा. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे चुनखडी उरते. केटलीच्या तळाला दिसतो तो पांढरा थर हाच. पाणी जितकं गरम, तितका थर जास्त. थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापून जळते. साठवणीचा गीझर 60 च्या आसपास ठेवला तरी भागतं.

सॉफ्टनर सगळ्यांनाच लागतो असंही नाही. पुण्यात नळाला खडकवासल्याचं पाणी येत असेल तर पैसे वाचवा. वाघोलीकडे बोअर आणि टँकरवर दिवस काढणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे तूरडाळसुद्धा लवकर शिजत नाही. शंका असेल तर एका बाटलीत आपलं पाणी, दुसरीत आरओचं घ्या, दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. पहिलीत फेसाऐवजी दह्यासारखी साय आली, तर पाणी जड. फेसवॉश किंवा डिटर्जंट नको, त्यांना जड पाण्यातही फेस येतो.

रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजं करावं लागतं, ते नाही केलं तर सॉफ्टनर म्हणजे नुसती जाड नळी. आमच्याकडे मीठ संपून महिना उलटला तरी कुणाला पत्ता नव्हता. टीडीएस मात्र आम्ही रोज मोजत होतो.