गाणं तुझं, पण कागद कुणाच्या नावावर?

"नोकरी सोड रे, पूर्णवेळ गाणंच कर!" असं स्वतःचं गाणं गाणाऱ्या एखाद्या मुलाच्या रीलखाली लिहिणाऱ्यांना त्या मुलाचं बँक स्टेटमेंट एकदा दाखवावं, असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

मी टॅक्सची कामं करतो. दादरला ऑफिस आहे, म्हणजे एक खोली. गेल्या काही वर्षांत कसे कोण जाणे, स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, गिटार घेऊन स्वतःच गाणारी बरीच पोरं-पोरी माझ्याकडे येऊ लागली. एकाचं काम झालं की तो दुसऱ्याला पाठवतो. यातलं कोणी सिनेमात नाही, रिॲलिटी शोमध्ये नाही. गाणी मात्र चांगली असतात. मला गाण्यातलं कळत नाही असं बायको म्हणते, पण आकडे कळतात, म्हणून आकड्यांबद्दलच बोलतो.

डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणी ॲप्सवर चढवणाऱ्या कंपनीकडून, येणारी एक्सेल शीट तुम्ही पाहिली नसेल. महिना, देश, ॲप, किती वेळा वाजलं आणि त्याचे पैसे. पैशाच्या रकान्यात दशांश चिन्हानंतर शून्यंच शून्यं आणि मग कुठेतरी एक आकडा. अशा शेकडो ओळींची बेरीज करायची आणि शेवटी येणाऱ्या रकमेत मित्रांना एकदा आस्वादमध्ये मिसळ खिलवता आली तरी पुष्कळ. पोरं विचारतात, "काका, एका प्लेचा रेट काय असतो हो?" ठरलेला रेटच नसतो. सबस्क्रिप्शन आणि जाहिरातींचा पैसा एकत्र होतो, त्यातून ॲप आपला वाटा काढून घेतं आणि उरलेला पैसा एकूण ऐकण्यात कोणाचा किती हिस्सा आहे त्यानुसार वाटला जातो. आपल्याकडे सबस्क्रिप्शन स्वस्त, फुकटात ऐकणारे भरपूर. त्यामुळे वाट्याला येतात ते पैसेच, रुपये नव्हेत. २०२४ पासून तर स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. त्याच वर्षी रेसो हे गाण्यांचं ॲप आपल्याकडून गेलं, विंक नावाचं दुसरंही बंद झालं. शीटमधल्या तेवढ्या ओळी गेल्या.

मग घर कशावर चालतं? गिटारचे क्लास, लग्नातलं संगीत, जिंगल, कुणाच्या तरी प्रोजेक्टला बॅकिंग व्होकल. माझ्या एका क्लायंटचं गाणं कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ आहे. ते गाणं गाजलं त्याच वर्षी त्याला सगळ्यात जास्त पैसे कशाचे मिळाले? एका कंपनीच्या ट्रेनिंग व्हिडिओला आवाज दिल्याचे. त्यातही १० टक्के टीडीएस कापलेला आणि रिटर्न भरला की तो परत मिळू शकतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

म्हणून नोकरी करत गाणाऱ्याला कोणी अर्धवट कलाकार म्हटलं की मला राग येतो. याच मुंबईत अण्णाभाऊ साठ्यांनी गिरणीत काम केलं आणि १९४४ साली अमर शेख, गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे, समोर कामगारांची गर्दी. पोटापाण्याचा धंदा वेगळा असला म्हणून त्यांचं गाणं कमअस्सल ठरलं का? आजच्या पोरांनीच काय घोडं मारलंय?

पण या पोरांवर माझा खरा राग आहे तो कागदांवरून. चार मिनिटांच्या गाण्यासाठी सहा महिने घासतील आणि करारावर सही करायला सहा मिनिटं घेणार नाहीत. मागे एक मुलगी पेढे घेऊन आली. एका कंपनीने तिचं गाणं घेतलं होतं, एकरकमी पंचवीस हजार. करार वाचला. "कायमस्वरूपी, संपूर्ण जगभर, सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी." भविष्यात येणाऱ्या! म्हणजे जे यंत्र अजून कोणी बनवलेलंच नाही, त्यावरही तिचं गाणं यांचंच, असा यांचा दावा. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट लिहिणाऱ्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. तिच्या नातवंडांपर्यंत पोचेल अशी मिळकत ती पंचवीस हजारांत देऊन बसली होती.

सुदैवाने कायदा अगदीच आंधळा नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्क विकले तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा शाबूत राहतो. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत किल्ला लढवला होता. पण हा वाटा आपल्या पायांनी चालत घरी येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा किती टक्के. हे टक्के गाणं तयार होतं त्याच आठवड्यात ठरवा, निदान व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. गाणं चाललं की "ती हुकलाइन माझी होती" असं म्हणणारे तीन जण निघतात आणि मग सगळे माझ्या ऑफिसात येऊन भांडतात. खुर्च्या दोनच आहेत.

आता आपल्याबद्दल. मराठी माणूस गाण्यावर पैसे खर्च करत नाही हे साफ खोटं आहे. दिवाळी पहाटेला पाचशेचं तिकीट काढून, नवी पैठणी नेसून, पहाटे पाचला पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाला रांग लागते. पण तिथे गाणी कुठली? सत्तरीतल्या आजोबांच्या लग्नात वाजली असतील ती. माझा त्यांना विरोध नाही, मीही जातो. पण नव्या मुलीने स्वतःच्या दहा गाण्यांचा कार्यक्रम लावला की पहिला प्रश्न, "फ्री एंट्री आहे ना?" आणि तिसऱ्या गाण्यानंतर मागच्या रांगेतून फर्माईश, "एखादं ओळखीचं होऊन जाऊ दे!" अहो, तुम्ही ऐकलंत तरच ते ओळखीचं होणार ना?

जागांचाही प्रश्न आहेच. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ब्लू फ्रॉग हा लाइव्ह गाण्यांचा क्लब सुरू झाला, २०१६ ला मिटला. लहान जागा उघडतात, भाडं झेपत नाही, बंद होतात. उघड्यावर म्हणाल तर दहाला स्पीकर बंद. खारला कार्यक्रम करून गिटार पाठीवर घेऊन दादरला गाडी बदलत डोंबिवली गाठणाऱ्याला रात्रीच्या ट्रेनमध्ये लोक काय काय ऐकवतात, ते त्यालाच विचारा. बाकी पैसे रिक्षात.

तेव्हा दोन कामं करा. ओळखीत कोणी असं गात असेल तर पास मागू नका, तिकीट काढा. आणि गाणाऱ्यांनो, सही करण्याआधी करार कोणाला तरी दाखवा. मलाच दाखवा असं नाही, पण मी चहा पाजतो.

आणि "मानधन नाही, पण आम्ही प्लॅटफॉर्म देतोय" म्हणणाऱ्या आयोजकांनी मांडववाल्यालाही प्लॅटफॉर्मच द्यावा. तो काय म्हणतो ते खाली कमेंटमध्ये कळवा.