डोनट बुडवण्याची शिस्त

जुना कृष्णधवल सिनेमा बघायला माझी काही हरकत नसते. हरकत असते ती दर पाच मिनिटांनी तो थांबवून ‘आता बघ हं’ म्हणणाऱ्या नवऱ्याला. फ्रँक काप्राचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ त्याने मोठ्या कौतुकाने लावला. याला पाच ऑस्कर मिळाले, आपला ‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है के मानता नहीं’ यावरूनच बेतलेत, हे सगळं पाट्या संपायच्या आत मला ऐकवून झालं होतं.

गर्भश्रीमंत एली बापाशी भांडून मायामीत बोटीवरून सरळ समुद्रात उडी मारते आणि न्यूयॉर्कची बस पकडते. बसमध्ये तिला भेटतो नोकरी गेलेला वार्ताहर पीटर, म्हणजे क्लार्क गेबल. देखणा आहे, वाद नाही. पण शिकवायची हौस किती! डोनट कॉफीत किती वेळ बुडवायचा, यावर व्याख्यान. पुरुष कपडे कोणत्या क्रमाने उतरवतात, यावर सप्रयोग व्याख्यान. एलीला खांद्यावर टाकून ओढा ओलांडताना ती म्हणते, किती वर्षांनी पाठुंगळी बसले! तर हा पाण्यात उभ्या उभ्या सांगतो, ह्याला पाठुंगळी म्हणत नाहीत. पाठुंगळी घ्यावं तर अब्राहम लिंकननेच. वर एक चापटी, कुठे ते सांगत नाही.

‘‘अगं, त्या काळी चालायचं,’’ इति नवरा.

पुढे तर पीटर एलीच्या बापालाच सांगतो, की हिला रोज एक ठेवून देणारा माणूस हवा. मी नुसतं वळून पाहिलं. ‘त्या काळी’ घशातच राहिलं.

मात्र रस्त्यावरचा प्रसंग मी मागे घ्यायला लावून पुन्हा पाहिला. गाडी थांबवायला अंगठा कसा दाखवावा, याचे तीन प्रकार पीटर समजावतो. यावर म्हणे पुस्तक लिहिणार. गाड्या सुसाट निघून जातात. मग कुंपणावर बसलेली एली शांतपणे उठते, स्कर्ट गुडघ्याच्या वर घेते आणि पहिलीच गाडी कर्रकन थांबते. एली झालेल्या क्लॉडेट कोल्बेअरच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान आहे ना, त्यासाठी बाकीची व्याख्यानं सोसावीत.

आणि खरं सांगायचं तर शेवटी मी विरघळले. एलीला शोधून देणाऱ्यासाठी बापाने लावलेलं दहा हजार डॉलरचं बक्षीस सोडून पीटर बापाकडे मागतो फक्त खर्चाचे एकोणचाळीस डॉलर साठ सेंट. पैन्‌पैचा हिशेब! प्रेमात पडलेला माणूस इतका सरळ हिशेब मांडतो, हे मला गुलाबाच्या फुलांपेक्षा भारी वाटलं.

त्याच भरात मीही एका कागदावर बिल मांडलं: दोन चहा, कांदाभजी, व्याख्यान ऐकण्याची मजुरी. नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने सिनेमा पुन्हा थांबवला, बिल नीट वाचलं आणि म्हणाला, ‘‘बरं झालं विषय काढलास. १९३४ साली एका डॉलरला काय काय यायचं, माहितीये?’’