आधीच्या मालकाने सगळं करून ठेवलंय, तुम्ही फक्त चावी फिरवा

सेकंडहँड मोटर यॉट घेताय? अभिनंदन. आणि जाहिरातीत ‘फुल्ली अपग्रेडेड’ लिहिलंय? मग पुढचं वाचूच नका, सरळ पैसे देऊन मोकळे व्हा. मी झालो. म्हणूनच गेले तीन शनिवार-रविवार मी इंजिन रूममध्ये पोटावर पडून, तोंडात टॉर्च धरून एका पिवळ्या वायरच्या मागे सरपटतोय. त्यातून आलेलं शहाणपण खाली देतोय, फुकट आहे, घेऊन टाका.

सगळ्यात आधी, मालक बदलांची यादी वाचायला लागला की नुसती मान डोलवायची. बिलं, कामाचे फोटो, वायरिंगचा नकाशा असलं काही मागायचं नाही, माणूस दुखावतो. मला तर ब्रोकरने डोळ्यात पाणी आणून सांगितलं, “सर, त्यांनी बोटीवर फार जीव लावला होता.” लावला होता ना. यूट्यूब बघून बघून लावला होता.

फ्लायब्रिजवर, म्हणजे वरच्या मजल्यावरून बोट चालवायच्या जागी, आधी बिमिनी नावाचं कापडी छत होतं तिथे आता फायबरचा हार्डटॉप दिसेल. हार्डटॉपवर सोलर पॅनल, पॅनलशेजारी रडार, मागे डिंगी, म्हणजे छोटी होडी, उचलायची क्रेन. सुंदर दिसतं. बोट बनवणाऱ्याने वजन कुठे किती याचं काही गणित केलेलं असतं, पण त्याला काय कळतंय. मग बोट लाटेवर कलली की लगेच परत येत नाही, टोकाला जाऊन क्षणभर विचार करते आणि मग सावकाश सरळ होते, याला विकणारा ‘सॉफ्ट रोल’ म्हणतो, तुम्हीही म्हणा. बोटीवरच्या कारखान्याच्या प्लेटवर कॅटेगरी ‘बी’ लिहिलेली असते, म्हणजे वाऱ्याच्या बोफोर्ट मोजपट्टीवर ८ पर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंतची लाट. ती प्लेट कारखान्यातून निघालेल्या बोटीची आहे, डोक्यावर गच्ची बांधलेल्या बोटीची नाही, हे तोंडातून काढू नका. युरोपच्या २०१३/५३ च्या नियमात मोठा बदल केलेल्या बोटीची नव्याने तपासणी करायला सांगितलीय, पण नियम काय, खूप असतात.

डेकवर चालताना पायाखाली मऊ लागलं तर डेक आतून कुजलाय असं मनात आणू नका, कार्पेट चांगलं आहे असं समजा.

मागे नवा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म, त्यावर डिंगी, डिंगीवर मोटर. बोट मागून बसलीय, एक्झॉस्टची तोंडं पाण्यात गेलीत आणि १३५ अंशांतून दिसायला हवा तो मागचा पांढरा दिवा डिंगीच्या बुडामागे लपलाय. रात्री मागून येणाऱ्याने समजून घ्यावं.

इंजिनं मोठी टाकलीत का? वा! गिअरबॉक्स, शाफ्ट आणि प्रोपेलर जुनेच आहेत का, हे मात्र विचारू नका. सी ट्रायलला, म्हणजे घेण्याआधी समुद्रात चालवून बघताना, फुल थ्रॉटलही मागू नका. २८०० आरपीएमचं इंजिन २५०० वरच धापा टाकत काळा धूर ओकतंय म्हणजे प्रोपेलर त्याला झेपत नाहीये, पण मूड कशाला घालवायचा.

बोट तपासून देणारा सर्व्हेयर? मालकाच्याच ओळखीतला घ्या, स्वस्त पडतो.

पाण्याखाली हुलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, किती भोकं आहेत तेही मोजू नका. एसी बसवला, एक भोक. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारा वॉटरमेकर बसवला, अजून एक. नंतर वॉटरमेकर काढून टाकला, भोक राहिलं, आणि त्यावर साधा पितळी गेट व्हॉल्व्ह, घराच्या नळाला असतो तसला. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी पडतो आणि एक दिवस हँडल हातात येतं. दोन फूट पाण्याखालच्या दोन इंची भोकातून मिनिटाला दोनशे लिटरच्या वर पाणी आत येतं. तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप आहे ना. त्याची वायर कुठून येते ते विचारू नका.

आता वायरिंग. वायरिंगबद्दल मी शांतपणे लिहिणार आहे.

नवी लिथियम बॅटरी, हा विकणाऱ्याचा हुकमी एक्का. जुनी लेड-ॲसिड काढली आणि त्याच जागी लिथियम ठेवली, झालं अपग्रेड. इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तोच जुना. लिथियम मागेल तेवढा करंट ओढत बसते, अल्टरनेटर फुल लोडवर तासन्‌तास तापत राहतो आणि शेवटी भाजून निघतो. आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या तिच्यातल्याच सर्किटने, मध्येच कनेक्शन तोडलं तर व्होल्टेज असं उसळतं की डायोड जागीच खलास. मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर लावायचा असतो, नाहीतर बाहेरून रेग्युलेटर, पण तो दिसत नाही ना जाहिरातीत! बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन एबीवायसी संस्थेचं साधं म्हणणं आहे, बॅटरीपासून साधारण सात इंचांच्या आत फ्यूज टाका. सात इंच म्हणजे एक वीतही नाही. माझ्या बोटीत ती पिवळी वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालीय, फ्यूज नाही. पिवळी! त्याच एबीवायसीच्या रंगांत पिवळी म्हणजे डीसीची निगेटिव्ह. ही इंजिनच्या बाजूने गेली, वॉर्डरोबमागे तिची लाल झाली, नुसती पिळून टेप गुंडाळलेली, पुढे छतात शिरून काळी झाली, वायरही कसली, घरातल्या भिंतीत असते ती एकेरी जाड तांब्याची, जी थरथरून थरथरून तुटते, आणि तिसऱ्या रविवारी संध्याकाळी ती मला गॅलीच्या, म्हणजे बोटीतल्या स्वयंपाकघराच्या, कपाटामागे भेटली. तिथे कधीकाळी आइस मेकर होता म्हणे. मशीन काढलं, वायर सोडून दिली. टेप चिकट होऊन सुटलेली, उघडं तांबं हिरवं पडलेलं, डिझेलच्या होजला टेकून बसलेलं. मल्टिमीटर लावला. १३.३ व्होल्ट. म्हणजे वायर जिवंत.

अरे, लाज नाही वाटत? रात्री माणसं झोपतात त्या बोटीत! तुमच्या बोटीला तुम्ही हवं ते करा, पण एक वहीचं पान लिहून ठेवायला काय जातं? वायरला लेबल लावायला एक मार्कर लागतो. मशीन काढलं तर वायरही काढायची, इतकं पोरालाही कळतं. आणि विकताना त्याचंच नाव अपग्रेड. आणि ‘जीव लावला’ म्हणणाऱ्या ब्रोकरला बॅटरी कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

आणि आपण घेणारे तरी काय दिवे लावतो! सोफ्यावर हात फिरवतो, टीव्ही लिफ्टमधून कसा वर येतो ते दोनदा बघतो. मी एसी किती गार करतो ते दहा मिनिटं उभं राहून तपासलं आणि बॅटरी बॉक्सचे चार स्क्रू काढले नाहीत, कारण नवीन पँट होती. काढा ते स्क्रू. प्रत्येक बदलाचं बिल मागा, नसेल तर तो बदल उखडून नव्याने करायचा खर्च किमतीतून वजा करा. बोट पाण्याबाहेर काढून, स्वतः नेमलेल्या सर्व्हेयरकडून बघून घ्या. विमा कंपनीला सगळे बदल आत्ताच सांगा. मालक चिडला तर चिडू दे.

काल ती पिवळी वायर अख्खी ओढून काढली. तिच्यासोबत छतातून एक निळी खाली आली. तिलाही लेबल नाही.