‘पाळी सुरू आहे तोवर अटॅक येत नाही’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या भिशीच्या, भजनी मंडळाच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. पाळी सुरू असेपर्यंत बाईला हार्ट अटॅक येत नाही. बाईच्या छातीतलं दुखणं म्हणजे पित्त नाहीतर टेन्शन. ईसीजी नॉर्मल आला की विषय संपला, पुढच्या तपासण्या ही हॉस्पिटलवाल्यांची कमाई. डॉक्टरांना उलट प्रश्न विचारू नयेत, ते चिडतात. आणि एकटी असताना छातीत दुखलं तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत नर्स होते, आणि नेमक्या याच समजुतींपायी उशिरा पोचलेल्या बाया पाहिल्या आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

खोकल्याचं आधी उरकते. खोकून अटॅक थांबत नाही. हा घरी करायचा उपाय नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट सांगितलं आहे. रक्ताची गुठळी नळीत अडकलेली असते, ती खोकल्याने हलत नाही, फक्त वेळ जातो. 108 लावा, दाराची कडी काढून ठेवा, शेजारणीला हाक मारा. 108 ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता पाळीचं. यात थोडं तथ्य आहे. 2004 साली 52 देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी 9 वर्षं उशिरा येतो असं दिसलं. पण उशिरा येणं वेगळं आणि न येणं वेगळं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना इतरांपेक्षा लवकर अटॅक येतो हेही दिसलं, म्हणजे आपली सवलत आधीच कमी. मधुमेह असेल तर तीही जवळपास उरत नाही. गरोदरपणात बीपी वाढून प्री-एक्लॅम्प्सिया झाला असेल, तर पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. हे बाळंतपणाच्या वेळी क्वचितच कोणी सांगतं आणि वीस वर्षांनी कोणी विचारत नाही. तेव्हा ते तुम्हीच सांगायचं. चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या कितीतरी बाया आपल्याकडे भेटतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळीमुळे मिळणारं संरक्षण त्याच दिवशी संपलं. वय 38 असलं तरी. खर्रा, तंबाखू, गुडाखू चालू असेल तर तेही लपवू नका. सिगारेट नाही म्हणून धोका नाही, असं नसतं.

2019 मध्ये जगभरात मरण पावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्के स्त्रिया हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेल्या. हा पुरुषांचा आजार म्हणून सोडून देण्यासारखा आकडा नाही.

पित्ताच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण आपल्या गावात त्याला उन्हाचीही साथ मिळते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की घाम, मळमळ, चक्कर, गळून जाणं, सगळ्याचं एकच निदान घरात होतं: "ऊन लागलं असन, पन्हं पी अन् पडून राय." रात्री सावजी झालं असेल तर ॲसिडिटी ठरलेलीच. अटॅकमध्येही हेच होतं. बायकांमध्येही छातीतला दाब किंवा दुखणं हेच सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. पण त्याच्या जोडीला धाप, मळमळ, पाठीत, खांद्यात किंवा जबड्यात दुखणं आणि न समजणारा थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा असतं. मग बाई सांगताना छातीचं शेवटी सांगते, किंवा सांगतच नाही.

एक बाई आठवते, पन्नाशीची. रात्रभर दाढ दुखतेय म्हणून मुलगा तिला सकाळी दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दात सगळे ठीक होते. त्या डॉक्टरांनीच शंका घेऊन आमच्याकडे पाठवलं. ती बाकावर तळवा जबड्याखाली धरून बसली होती आणि मुलगा काउंटरवर सांगत होता, "गॅस झालाय आईला." मी तिलाच विचारलं. म्हणाली, "सिस्टर, दाढेतून निघून हातात उतरून राहिलं. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटते." ईसीजीत अटॅक स्पष्ट दिसत होता. छातीचं ते वाक्य तिने तोवर घरात कोणाला सांगितलंच नव्हतं.

ॲसिडिटीचं औषध घेतल्यावर बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, हाही भ्रम आहे. त्या औषधाने अटॅकच्या रुग्णालाही क्षणभर आराम पडू शकतो.

ईसीजीबद्दल. विनाकारण तपासण्या होतात ही तक्रार खोटी नाही, आणि ती करायलाच हवी. पण ईसीजी त्या क्षणाचं चित्र दाखवतो. अटॅक सुरू असूनही पहिला ईसीजी साफ येऊ शकतो, म्हणून लक्षणं चालू असतील तर तो थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा काढतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं. ते वाढायलाही काही तास लागू शकतात, त्यामुळे तीही तपासणी ठरावीक वेळाने पुन्हा करायची असते. एका प्रचलित अतिसंवेदनशील ट्रोपोनिन तपासणीत पुरुषांसाठी 34 ही मर्यादा आहे, तर बायकांसाठी 16. एकच आकडा सगळ्यांना लावला तर बाईचा रिपोर्ट नॉर्मल वाटू शकतो. अँजिओग्राफीत मोठं ब्लॉकेज दिसलं नाही म्हणूनही दुखणं खोटं ठरत नाही. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आणि रक्तवाहिनीचा आतला पदर फाटणं, हे दोन्ही बायकांमध्ये जास्त आढळतात. दुसरं तर कधी कधी बाळंतपणानंतरच्या तरुण मुलींनाही होतं.

यात एक गोष्ट कोणी बोलत नाही. ब्लाउज काढायला संकोच वाटतो, पडदा नसतो, आजूबाजूला पुरुष असतात, मग ईसीजीचे पॉइंट घाईत भलतीकडेच लागतात आणि पट्टी चुकीची निघते. पडदा मागा. महिला कर्मचारी मागा. तो तुमचा हक्क आहे. पण "राहू द्या" म्हणून उठू नका.

आता डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचं. बर्नाडाइन हीली या हृदयरोगतज्ज्ञ होत्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. त्यांनी 1991 मध्ये लिहिलं की बाईचा आजार पुरुषासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. म्हणजे हे दुर्लक्ष फक्त आपल्याकडचं नाही, आणि गप्प बसून ते कुठेच गेलेलं नाही. चांगला डॉक्टर नेमक्या प्रश्नाने चिडत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं.

कॅज्युअल्टीत नवरा किंवा मुलगा बोलायच्या आधी स्वतः बोला. "गॅस", "कसंतरी होतंय" या शब्दांनी सुरुवात नको. असं म्हणा: "सकाळी सहापासून छातीत दाब आहे, घाम येतोय, मला हार्टची शंका आहे, ईसीजी काढा." छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून 10 मिनिटांत व्हावा, असं डॉक्टरांचीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. घरी पाठवत असतील तर विचारा: हे हृदयाचं नाही असं कशावरून ठरवलं? ट्रोपोनिन पुन्हा करणार का? कोणता त्रास झाला तर लगेच परत यायचं? तपासणीला नकार दिला तर त्याचं कारण केस पेपरवर लिहून मागा. कारण लिहायची वेळ आली की पुन्हा एकदा विचार होतो, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय.

पैशासाठी थांबू नका. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स ही नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं आहेत, जे जवळ असेल तिथे जा. तातडीच्या रुग्णावर उपचार करणं सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय. रेशन कार्ड, आधार कार्ड सोबत ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. खर्चाचा विषय निघाला की घरात कोण मागे राहतं, हे दिल्लीच्या एम्समधल्या 2011 च्या एका अभ्यासात दिसलं. हृदयाचं ऑपरेशन सांगितलेल्या लहान मुलांपैकी वर्षभरात 70 टक्के मुलग्यांचं झालं होतं, मुलींपैकी 44 टक्क्यांचंच. त्या मुली मोठ्या होऊन "माझं काही नाही, होईल बरं" म्हणायला शिकतात.

सुट्टी झाली की ईसीजीच्या पट्ट्या, ट्रोपोनिनचे आकडे, अँजिओग्राफीची सीडी, सगळं मागून घ्या. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, हा 2002 पासूनचा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तीच फाइल घेऊन जा, आणि ती कपाटात नवऱ्याच्या कागदांखाली न ठेवता स्वतःजवळ ठेवा, निदान मोबाइलमध्ये तिचा फोटो तरी असू द्या.