ज्यांच्या पोटात काही नसते त्यांच्यासाठी

संताप ही जन्मजात देणगी आहे अशा समजुतीने पुष्कळ लोक त्याची मशागत करीत नाहीत आणि ऐन प्रसंगी गप्प राहून स्वतःचे हसे करून घेतात. मीही त्यांतलाच, हे गेल्या आठवड्यात एका सिग्नलवर मला समजले. दिवा हिरवा झाला तेव्हा माझ्या गाडीपुढून एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत रस्ता ओलांडत होते, त्यांची चार पावले उरली होती, आणि तेवढा वेळ थांबण्याचा अपराध माझ्याकडून घडला. मागच्या गाडीच्या चालकाने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. पुढे ती गाडी वळसा घालून माझ्यासमोर आडवी उभी राहिली, चालक खाली उतरला, त्याने माझ्या बॉनेटवर दोन्ही पंजे आपटले आणि माझ्या घराण्यातील स्त्रियांचा उद्धार आरंभला. त्या गुरूकडून पाच मिनिटांत जे शिकलो आणि घरी आल्यावर मानसशास्त्राची पुस्तके चाळताना जे पटले, ते आपल्या हितासाठी येथे देत आहे.

साधनेची सुरुवात अशी की, समोरच्याने जे केले ते मुद्दाम आणि आपल्यालाच डिवचण्यासाठी केले, असे धरून चालावे. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने 1980 साली आक्रमक मुलांचा अभ्यास केला. एखादी गोष्ट चुकून झाली की हेतुपुरस्सर, हे स्पष्ट नसेल तेव्हा ही मुले बेधडक दुष्ट हेतू गृहीत धरतात, असे त्याला आढळले. आपले वय वाढले म्हणून ही निरागसता का सोडावी? पुढच्या गाडीसमोर कोणी म्हातारा आहे काय, हे मान वाकडी करून पाहिले की अर्धा राग तेथेच विरतो. म्हणून मान सरळ ठेवावी.

घरून नेहमी उशिरा निघावे. झोप अपुरी असल्यास उत्तम.

शास्त्राधार हवाच असेल तर जॉन डोलार्ड आणि येल विद्यापीठातील त्याच्या सहकाऱ्यांनी 1939 साली मांडलेला सिद्धान्त पाठ करावा: आक्रमकतेच्या मुळाशी वैफल्य असते आणि वैफल्यातून आक्रमकता येते. म्हणजे आपली वाट अडली की आपण हात उगारणार, यात आपला दोष तो काय? त्याच गटातील नील मिलर याने 1941 साली दुरुस्ती केली की, वैफल्यातून अनेक प्रतिक्रिया संभवतात आणि आक्रमकता ही त्यांतील केवळ एक आहे. ही दुरुस्ती वाचू नये.

राग मनात ठेवू नये, वाफ बाहेर काढावी, उशी बडवावी, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि तो आमच्या साधनेला फारच उपकारक आहे. ब्रॅड बुशमन याने 2002 साली सहाशे विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर जहरी शेरे मारून चिडविले. मग काहींना, शेरे मारणाऱ्याचा विचार करीत, मुष्टियोद्ध्यांच्या सरावाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करीत ठोसे मारायला सांगितले आणि काहींना नुसते शांत बसविले. शत्रूला आठवून ठोसे मारणारे सर्वांत अधिक संतप्त राहिले आणि पुढे संधी मिळताच सर्वांत अधिक आक्रमक वागले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांची आक्रमकता सर्वांत कमी भरली. तेव्हा आपण अवश्य बडवावे, आणि बडवताना तो चेहरा डोळ्यांपुढून हलू देऊ नये. 2024 साली याच बुशमनने सोफी क्यारविकसह 154 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा दीर्घ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे अशा शरीराची उत्तेजना उतरविणाऱ्या उपायांनी राग कमी होतो, असे दिसले. या गोष्टींपासून चार हात दूर राहावे.

क्षमा मागू नये.

आता मुख्य पाठ. राग कोणावर काढायचा, याची निवड अत्यंत थंड डोक्याने करावी. अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिरवा दिवा लागल्यावरही एक गाडी मुद्दाम उभी ठेवली जाई, कधी नवी चकचकीत, कधी जुनी गंजकी. बारा सेकंदांत जुन्या गाडीमागच्या चालकांपैकी 84 टक्क्यांनी हॉर्न वाजविला, नव्या गाडीमागच्यांपैकी फक्त 50 टक्क्यांनी. दिवा तोच, खोळंबा तोच; तरीही तळपायाची आग मस्तकात जाताना वाटेत समोरच्या गाडीची किंमत विचारून जाते. माझी गाडी कोणत्या गटातली, हे सांगायला नको. माझ्या गुरूंनी ही निवड आणखी पुढे नेली. बॉनेटवर तिसरी थाप पडणार इतक्यात वाहतूक पोलीस चालत आला, आणि ज्या गळ्यातून क्षणापूर्वी माझ्या आईचे नाव निघत होते त्याच गळ्यातून बासरीसारखा स्वर आला, ‘काही नाही साहेब, जरा गैरसमज झाला.’ नंतर माझ्याकडे वळून, ‘मनावर घेऊ नका काका, स्वभाव तापट आहे माझा. पोटात काही नसतं.’

अहो, स्वभाव तापट असता तर पोलिसावरही तापला असता. रागाने भान सुटलेल्या माणसाला गणवेश दिसत नाही. तुम्हाला लांबून दिसला आणि अर्ध्या सेकंदात हात खाली आला. म्हणजे लगाम तुमच्याच हातात होता. कचेरीत साहेबांपुढे तो घट्ट धरता आणि घरी, रस्त्यावर, दुकानातल्या पोऱ्यासमोर सोडून देता, वड्याचे तेल वांग्यावर काढता, आणि वर त्याला परखडपणा म्हणता. तुमच्या पोटात काय असते याच्याशी आम्हाला काय करायचे आहे? आमच्या वाट्याला तुमचे तोंड आणि तुमचे हात येतात. घरातली माणसे तुमची पावले ऐकून बोलणे थांबवतात, याला तुम्ही दरारा समजता. दहा श्वास मोजायला तुम्हाला लाज वाटते आणि एका म्हाताऱ्याच्या चार पावलांसाठी गाडीतून उतरायला वाटत नाही!

आणि ते मूल कशाला सोबत आणले होते? अल्बर्ट बांडुराने 1961 साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बदडायला लावले होते. नंतर मुलांनी तेच ठोसे, तेच शब्द हुबेहूब काढले. तुम्ही पोलिसाला बासरी ऐकवत होता तेव्हा तुमचा मुलगा मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभा राहून, काच खाली करून, पलीकडे पोहोचलेल्या त्या काठीवाल्या आजोबांकडे बोट नाचवत तुमचेच शब्द तुमच्याच सुरात म्हणत होता. तुम्ही गाडीत बसलात, एकदा वळून पाहिलेत, आणि हसलात.